बाबा, त्याला तो प्रश्न परत विचारू नका

आई, बाबा,

फोनवर हे बोलता येत नाही, बाबा तुम्ही मध्येच फोन आईकडे देता आणि आई रडायला लागते, म्हणून टाइप करतेय. अक्षर बारीक वाटलं तर शेजारच्या पोराकडून मोठं करून घ्या, पण त्याच्याकडून वाचून घेऊ नका.

रविवारी तुम्ही दादाला परत विचारलंत, "केलं नव्हतंस तर कबूल का केलंस?" त्याने गुपचूप फोन माझ्याकडे दिला, गॅलरीत जाऊन बसला, रात्री जेवला पण नाही. जेलमधून सुटून आठ महिने झाले आणि हे चौथ्यांदा. तुम्ही वाईट मनाने विचारत नाही हे कळतं मला. तेव्हा पेपरात "आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली" छापून आलं, ते गावाच्या डोक्यातून गेलं नाही आणि खरं सांगायचं तर तुमच्याही. हायकोर्टाने निर्दोष सोडलं ते कुणी छापलं का? आतल्या पानावरसुद्धा नाही.

पोलिसांपुढची कबुली आपल्याकडे पुरावा म्हणून चालतच नाही बाबा. १८७२ च्या पुरावा कायद्यात ते कलम २५ होतं, आता नव्यात २३ आहे. म्हणजे ठाण्यात कबुली कशी निघते हे इंग्रजांनाही माहिती होतं! पण त्यात एक फट आहे, जुनं कलम २७, आरोपीने सांगितल्यावरून वस्तू सापडली तर तेवढं बोलणं चालतं. दादाचं तिथेच अडकलं, कोयता त्याने "काढून दिला" असा पंचनामा, आणि पंच कोण तर ठाण्यासमोरचा टपरीवाला, जो आधीच्या दोन केसमध्येही पंच होता. वकिलांनी हायकोर्टात हेच लावून धरलं. हे कळायला नऊ वर्षं लागली.

आता का कबूल केलं ते. तो सांगू नको म्हणालाय, तरी सांगतेय. दोन दिवस तो नाहीच म्हणत होता. झोपू देत नव्हते, डोळा लागला की उठवायचे. तिसऱ्या रात्री म्हणाले सही कर, उद्या कोर्टात तुला काय सांगायचं ते सांग, नाहीतर बहिणीला आणतो चौकशीला. मी तेव्हा बारावीत होते. कोऱ्या कागदांवर पण सह्या घेतल्या. मॅजिस्ट्रेटपुढे का नाही बोलला असं म्हणाल, तर तेच पोलीस मागे उभे होते आणि संध्याकाळी परत त्यांच्याच कोठडीत जायचं होतं.

आणि हा एकटा नाहीये. २०१७ मध्ये गुरुग्रामच्या शाळेत लहान मुलाचा खून झाला, तेव्हा बस कंडक्टरला त्याच दिवशी धरलं, त्याने गुन्हा कबूल केल्याचं टीव्हीवर दिवसभर, मग तपास सीबीआयकडे गेला आणि त्याचा संबंधच नाही निघाला. जपानमध्ये इवाओ हाकामादा म्हणून बॉक्सर होता, १९६६ मध्ये पकडला, वीसेक दिवस रोज तासन्‌तास चौकशी करून कबुली घेतली आणि फाशी सुनावली. २०२४ मध्ये कोर्ट म्हणालं कबुलीसकट पुरावे बनवलेले होते, तेव्हा तो ८८ वर्षांचा. बाहेर लढत कोण होतं, तर त्याची बहीण, ९१ वर्षांची. हे वाचून मी ऑफिसच्या बाथरूममध्ये रडले होते.

आपल्या महाराष्ट्रातलंच घ्या ना, नाशिकजवळच्या २००३ च्या केसमध्ये भटक्या जमातीतल्या सहा जणांना फाशीची शिक्षा झाली होती, साक्षीदाराने पोलिसांनी दाखवलेल्या फोटोंमधून भलत्याच चौघांना ओळखलं होतं तरी. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सगळ्यांना सोडलं आणि प्रत्येकी ५ लाख द्यायला लावले. सोळा वर्षांचे ५ लाख. लॉ कमिशनने २०१८ मध्ये भरपाईचा कायदा करा म्हणून रिपोर्ट दिला, पण कायदा अजून आलेला नाही. दादाला तर सुटताना एसटीच्या भाड्यापुरते पैसे हातात होते, बस.

तसं त्याचं बरं चाललंय. जेलमध्ये सुतारकाम शिकला होता, ते धायरीतल्या एका फर्निचरवाल्याकडे उपयोगी पडतंय. मालकाला सगळं सांगूनच लावलं. घरमालकाला भाडेकरू व्हेरिफिकेशनच्या वेळी निकालाची कॉपी दाखवली, तो म्हणाला माझं काही नाही पण सोसायटी काय म्हणेल. तीन घरं बघितली मग हे मिळालं.

पण सही! परवा बँकेत केवायसीचा फॉर्म होता. लाइन मागे वाढत चाललेली आणि हा प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचतोय, मग मॅडमना विचारतो, "ह्या रिकाम्या चौकटीत तुम्ही नंतर काय लिहिणार?" त्या म्हणाल्या काही नाही हो, ऑफिस यूजसाठी आहे. त्याने पेन घेऊन त्या चौकटीवर तिरकी रेघ मारली आणि मगच सही केली. मॅडम वैतागल्या, नवीन फॉर्म दिला, त्याने त्याच्यावर पण रेघ मारली. शेवटी मॅनेजर आले, त्यांनी आमच्यासमोर चौकट भरली, तेव्हा कुठे सही झाली. पाऊण तास गेला. मी काही बोलले नाही.

म्हणून जमिनीच्या वाटणीच्या कागदाचं सांगते. तुम्ही म्हणालात तलाठी येणारेत, पटकन सह्या उरकू. बाबा, पटकन नको. कागदाचे सगळ्या पानांचे फोटो शुक्रवारपर्यंत मला पाठवा, तो इथे बसून वाचेल, लागेल तेवढा वेळ घेईल. काका घाई करायला लागले तर तुम्हीच त्यांना गप्प करा.

शनिवारी स्वारगेटहून सहाच्या गाडीने निघतोय. आई, तो रात्री लाइट बंद करून झोपत नाही, पडवीतला बल्ब गेलाय तो तेवढा बदलून ठेव.

तुमची,
छोटी