बाबा, अर्जावर सही करा

तीर्थरूप बाबा व आई यांना शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्हाला न विचारता मी एक गोष्ट केली आहे, ती आधी सांगते. ओढ्याकाठच्या दीड एकरासाठी आलेल्या गिऱ्हाइकाला मी दादाकरवी नकार कळवला आणि बँकेतून पीककर्जाच्या पुनर्गठनाचा अर्ज आणला. कृपा करून रागावू नका. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आई नुसत्या काचेच्या बांगड्या घालून गेली, हे वहिनीकडून कळले आणि मला राहवले नाही.

कर्जफेडीचा ३१ मार्च तुम्ही कधी चुकवला नाही, हे मला ठाऊक आहे. चौथीत असताना परंड्याहून परतताना कर्ज भरल्याची पावती तुम्ही माझ्या दप्तरात ठेवायला दिली होतीत आणि घर येईपर्यंत मी ते दप्तर छातीशी धरून बसले होते. २०१९ च्या कर्जमाफीत थकबाकीदारांचे २ लाखांपर्यंतचे कर्ज माफ झाले, तेव्हाही तुमच्याकडे बाकी नव्हती. पुढे नियमित फेडीच्या प्रोत्साहनाचे ५०,००० रुपये आले, ते तुम्ही किती अभिमानाने दाखवले होतेत! पण बाबा, सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीचे पाणी सोयाबीनवर चढले, शेंगांना झाडावरच कोंब फुटले, यात तुमची चूक कोणती? हेक्टरी ८,५०० रुपयांच्या मदतीत कर्ज फिटत नाही, हे सरकारनेही जाणले, म्हणूनच वसुलीला स्थगिती देऊन पुनर्गठनाची सवलत दिली आहे.

पुनर्गठन म्हणजे कर्ज बुडवणे नव्हे. नुकसान ३३ टक्क्यांहून अधिक असले की एका वर्षात फेडायच्या कर्जाचे काही वर्षांचे हप्ते पाडून मिळतात, खाते थकीत धरले जात नाही आणि खरिपासाठी नवे पीककर्जही मागता येते. मात्र ३ लाखांपर्यंतचे कर्ज वेळेत फेडल्यावर जे व्याज शून्य होते, तो लाभ या रकमेवर राहणार नाही. दुसऱ्या वर्षापासून बँकेचा नेहमीचा दर लागेल. तेवढे व्याज मी भरीन. यांच्याशी बोलणे झाले आहे, घरात कसलीही ओढाताण होणार नाही. जमीन एकदा गेली की परत येत नाही, व्याज फिटते.

किराणा आणि गॅसची काळजी करू नका, ते मी दर महिन्याला पाहीन. रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेऊन पाकीट पुरवणे आजपासून बंद करा. पहाटे ज्वारीला पाणी द्यायला एकटे जाऊ नका. दादाला उठवा, तो कुरकुरला तर मला सांगा.

शनिवारी पहिल्या गाडीने येते. सातबारा, आधार आणि पासबुक काढून ठेवा. संमतीची सही तुमचीच लागते, तुमच्या मनाविरुद्ध मी ती घेणार नाही. पण अर्ज एकदा माझ्यासमोर बसून नीट वाचा. आणि आई, फडक्यात बांधलेल्या पाटल्या सोड. मी येईन तेव्हा त्या तुझ्या हातात दिसल्या पाहिजेत.

तुमची लेक