कूफा, मदिना आणि तुझा प्रश्न

पुणे

प्रिय इम्रान,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. दापोलीत तुमच्याकडे असरची, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजची, अजान लवकर होते आणि लातूरला सासुरवाडीत बरीच उशिरा. कुराण एकच, मग वेळा दोन कशा, असं तू विचारलंस. तुम्ही कोकणी शाफई, ते हनफी, हे तुला माहीतच आहे. वस्तूची सावली तिच्या उंचीएवढी वाढली की शाफईंची असर सुरू होते, हनफी ती दुप्पट होईपर्यंत थांबतात. पण हे मजहब, म्हणजे इस्लामी कायद्याचे हे पंथ, मुळात झाले कसे, ते सध्या वाचतोय आणि तुला सांगितल्यावाचून राहवत नाही.

सुरुवातीला तयार कायदा असा नव्हताच. कुराणातल्या सहा हजारांवर आयतींपैकी कायद्याच्या म्हणून परंपरेने साधारण पाचशे धरतात, आणि त्यांतल्याही बऱ्याच नमाज, रोजा, हज यांच्या. वारसांचे हिस्से सूरह निसामध्ये आकड्यांनिशी आहेत. बाकी कितीतरी व्यवहार उघडेच राहिले. उमय्या घराण्याच्या खलिफांच्या राज्यात सुभेदाराने नेमलेला काझी कुराण, तिथली रीत आणि स्वतःची बुद्धी यांवर निवाडा द्यायचा.

त्यामुळे गावागणिक कायदा वेगळा घडत गेला. मदिना पैगंबरांचं गाव. तिथे जुन्या अरब कुळांची घडी टिकून होती. इराकमधलं कूफा हे लष्करी छावणीतून वाढलेलं शहर, अरब, इराणी, नवमुस्लिम सगळे एकत्र नांदणारं. सज्ञान स्त्री वलीशिवाय, म्हणजे वडील किंवा तशा पालकाशिवाय, स्वतःचा निकाह लावू शकते का? मदिनेचे मालिक इब्न अनस म्हणाले, नाही. कूफ्याचे अबू हनीफा म्हणाले, लावू शकते. मात्र नवरा तिच्या तोलाचा नसेल तर वलीला हरकत घेता येईल. काही अभ्यासक या फरकात दोन शहरांचे दोन समाज पाहतात, आणि मलाही ते पटतं.

हा गोंधळ इब्न अल-मुकफ्फा या दरबारी लेखकाला खुपला. खलिफा मन्सूरने सगळे निवाडे मागवून एकच कायदा लागू करावा, असं त्याने सुचवलं. ते झालं नाही. परंपरा सांगते की एका खलिफाने मालिकांचा 'मुवत्ता' साऱ्या राज्याला बंधनकारक करायचं ठरवलं, तेव्हा खुद्द मालिकांनीच नको म्हटलं: पैगंबरांचे साथी वेगवेगळ्या प्रदेशांत गेले, तिथे लोकांनी त्यांच्याकडून जे घेतलं ते त्यांच्याजवळ राहू द्या. आपलाच ग्रंथ देशाचा कायदा होत असताना नाही म्हणणं! इम्रान, मी या जागेवर फार वेळ थांबलो.

अबू हनीफा तर रेशमी कापडाचे व्यापारी, दरबारावर पोट अवलंबून नव्हतं. काझीपद नाकारलं म्हणून मन्सूरने त्यांना कैदेत टाकलं असं सांगतात. 767 मध्ये ते बगदादला वारले. पुढे त्यांचे शिष्य अबू यूसुफ हारून रशीदच्या राज्यात मुख्य काझी झाले, आणि हनफी मत राज्यकारभारात रुजलं.

767 मध्येच गाझाला तुमच्या मजहबचे इमाम शाफई यांचा जन्म झाला. ते मदिनेला मालिकांकडे शिकले, बगदादला अबू हनीफांचे शिष्य शैबानी यांच्याकडे. दोन्ही बाजू आतून पाहिलेला हा माणूस. कुराण, पैगंबरांची सुन्नत (त्यांच्या वागण्या-बोलण्याचा आदर्श), इज्मा (एकमत) आणि कियास (साम्यावरून काढलेला निष्कर्ष) असा क्रम त्यांनी 'रिसाला'त मांडला. गावची रीत कितीही जुनी असो, खात्रीची हदीस, म्हणजे पैगंबरांच्या वचन-कृतीची नोंद, तिच्यावर वरचढ, हा त्यांचा आग्रह. इजिप्तला गेल्यावर त्यांनी स्वतःची कितीतरी मतं बदलली, आणि 820 मध्ये फुस्तातला वारले.

त्यांचा मजहब येमेन आणि हद्रमौतच्या किनाऱ्यावर पसरला, अरबी समुद्रावरच्या व्यापाऱ्यांबरोबर मलबार, कोकण, थेट इंडोनेशियापर्यंत गेला. मध्य आशियातून खुश्कीच्या वाटेने आलेले राज्यकर्ते हनफी, म्हणून घाटावर हनफी. कोळंबी खावी की नाही यावर हनफी उलेमांत अजून मतभेद आहेत. तुमच्याकडे तो प्रश्नच येत नाही, हेही त्यातूनच आलं.

तुमच्या मोहल्ल्यातल्या मदरशात शाफई फिकहचं (धर्मकायद्याचं) कोणतं पुस्तक शिकवतात, ते मौलवीसाहेबांना विचारून कळव. उर्दूत असेल तर मला थोडं वाचून दाखवशील का? अम्मींना सलाम सांग.

तुझा,
सुहास