डिझेल पिकअप पहाटेच्या थंडीत सुरू न होण्याबाबत तक्रार

दौलतगंज, लष्कर, ग्वाल्हेर
दि. ४ फेब्रुवारी

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग,
पिकअप वाहन उत्पादक कंपनी, मुख्य कार्यालय.

विषय : वॉरंटीतील डिझेल पिकअप पहाटे सुरू न होणे, दोषाची नीट तपासणी न होणे आणि बॅटरीचा खर्च माझ्यावर लादला जाणे.

संदर्भ : माझ्या तक्रारीस आपल्या विभागाने २८ जानेवारी रोजी पाठवलेले उत्तर.

महोदय,

आपल्या उत्तरात मुद्द्याचे एकच वाक्य आहे : ‘अत्यंत थंड हवामानात डिझेल वाहन सुरू होण्यास विलंब लागणे स्वाभाविक आहे.’ हे वाक्य आपण द्रास किंवा लेह येथील ग्राहकास लिहिले असते, तर त्याने ते समजून घेतले असते. मी ग्वाल्हेरात राहतो. येथे पौषात दाट धुके पडते आणि पहाटे पारा चार-पाच अंशांपर्यंत, एखाद्या रात्री त्याहूनही खाली उतरतो, हे खरे आहे. परंतु ही थंडी दर वर्षी येते आणि ती येणार हे ठाऊक असूनच आपली कंपनी येथे गाड्या विकते. फोनवर बोललेल्या आपल्या प्रतिनिधी बाईंनी ‘सविस्तर मराठीतच लिहा’ असे सांगितले, याचे बरे वाटले. आमचे घराणे ग्वाल्हेरात येऊन पाच पिढ्या झाल्या, तरी हिशेब आणि भांडण या दोन गोष्टी आमच्याकडे अजून मराठीतच होतात.

माझा दुग्धपदार्थांचा व्यवसाय आहे. डबऱ्याच्या बाजूच्या गावांतून दूध गोळा करण्यासाठी मी गेल्या मार्चमध्ये ही गाडी घेतली. चालक पहाटे चारला निघाला तरच पहिल्या गावात धारा संपता संपता पोहोचतो. अर्धा तास उशीर झाला, की गवळी दुसऱ्याच्या कॅनमध्ये दूध ओततात, आणि त्याबद्दल मी त्यांना दोष देऊ शकत नाही. २९ डिसेंबरला गाडी पहिल्यांदा अडली. तेव्हापासून ३१ जानेवारीपर्यंत एकूण चौदा पहाटे ती वेळेवर सुरू झाली नाही आणि त्यांपैकी आठ दिवस मला भाड्याने दुसरी गाडी करावी लागली. प्रत्येक दिवसाची वेळ आणि अंगणातल्या तापमापकातील नोंद मी वहीत लिहून ठेवली आहे. त्या पानांची प्रत सोबत जोडली आहे.

दर वेळी घडते ते असे. किल्ली फिरवल्यावर हीटरचा दिवा लागतो आणि काही सेकंदांनी विझतो. त्यानंतर सेल्फ मारला, की इंजिन जड, ओढल्यासारखे फिरते, पकड घेत नाही, आणि सायलेन्सरमधून पांढरा, डोळे चुरचुरवणारा धूर निघतो. पाच-सहा प्रयत्नांत बॅटरी बसते. सूर्य वर आल्यावर, नऊ-साडेनऊला, तीच गाडी दोन प्रयत्नांत सुरू होते आणि मग दिवसभर एकदाही कुरकुर करत नाही.

या पांढऱ्या धुराकडे आपल्या सेवाकेंद्रातील एकानेही लक्ष दिले नाही, आणि माझी खरी तक्रार तेथून सुरू होते. डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखा ठिणगीचा प्लग नसतो. दाबली गेलेली हवा ५०० अंशांच्या वर तापते आणि त्या उष्णतेनेच डिझेल पेटते, हे आपल्याला सांगण्याची गरज नाही. रात्रभर गारठलेले सिलिंडर ही उष्णता शोषून घेतात म्हणून तर सेल्फ मारण्याआधी विजेने आतली जागा तापवणारे हीटर प्लग दिलेले असतात. पांढरा धूर निघतो, याचा अर्थ डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचते आहे, मात्र ते न जळता वाफ होऊन बाहेर पडते आहे.

असे असताना १ जानेवारीला आपल्या केंद्राने जॉब कार्डावर ‘इंधन गोठल्याची शक्यता’ असे लिहिले. डिझेलमधील मेण थंडीत गोठते आणि फिल्टर तुंबतो, हे मला मान्य आहे. भारतीय मानक १४६० नुसार फिल्टर तुंबण्याची तापमानमर्यादा उन्हाळी डिझेलसाठी जास्तीत जास्त १८ अंश आणि हिवाळी डिझेलसाठी जास्तीत जास्त ६ अंश आहे. आमच्या पहाटा कधी कधी ६ अंशांच्या खाली जातात, तेव्हा ही शंका घेणे गैर नव्हते. पण फिल्टर तुंबला, तर इंजिनाला डिझेलच मिळत नाही. मग एवढा धूर कोठून येतो? शिवाय आमच्या गल्लीतील शेजाऱ्यांची दहा वर्षांची जुनी पिकअप त्याच पंपावरचे डिझेल भरते, त्याच उघड्यावर उभी राहते आणि पहाटे साडेतीनला निघून जाते. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांतही न गोठणारे खास हिवाळी डिझेल आणले, कारण तेथे खरोखरच त्याची गरज आहे. ग्वाल्हेरच्या पंपावर तसले डिझेल मिळत नाही, आणि शेजाऱ्यांच्या गाडीकडे पाहता त्याची गरजही दिसत नाही.

दुसऱ्या खेपेस, ८ जानेवारीला, मी विनंती केली की गाडी रात्रभर उघड्यावर ठेवा आणि पहाटे सुरू करून पाहा. गाडी ठेवून घेतली गेली, पण बंद शेडमध्ये, आणि तपासली गेली दुपारी दोन वाजता. अर्थातच ती एका सेल्फमध्ये सुरू झाली आणि जॉब कार्डावर ‘दोष आढळला नाही’ असा शेरा पडला. पहाटेचा दोष दुपारच्या उन्हात शोधण्याची ही पद्धत आपल्या कंपनीने घालून दिलेली आहे, की या केंद्राची स्वतःची आहे, हे कृपया मला कळवावे. त्याच दिवशी मला सांगण्यात आले, की माझा चालक हीटरचा दिवा विझण्याची वाट पाहत नाही. हा आरोप ऐकल्यावर पुढच्या सहा पहाटे मी स्वतः, हातात घड्याळ घेऊन, चालकाच्या जागेवर बसलो. परिणाम तोच.

तिसऱ्या खेपेस, १४ जानेवारीला, संक्रांतीच्या दिवशी, बॅटरी कमजोर असल्याचे सांगून ती बदलण्यात आली आणि ६,८०० रुपयांचे बिल माझ्याकडून घेण्यात आले. दहा महिन्यांच्या बॅटरीला वॉरंटी का लागू नाही, याचे उत्तर ‘थंडीत वारंवार सेल्फ मारल्याने ती खराब झाली’ असे मिळाले. थंडीत बॅटरीची ताकद कमी होते, शून्य अंशाला साधारण पाचवा हिस्सा तरी जातो, हे मी नाकारत नाही. परंतु ती वारंवार सेल्फ मारल्याने बसली असेल, तर सेल्फ वारंवार का मारावा लागला, हाच प्रश्न तेथे विचारला जायला हवा होता. १६ जानेवारीला नवी बॅटरी असूनही गाडी सुरू झाली नाही. फोन केल्यावर आलेल्या आपल्या मदतनीसाने इंजिनात हवा शिरते त्या तोंडात चटकन पेट घेणाऱ्या इथरचा फवारा मारण्याची तयारी चालवली. हीटर प्लग असलेल्या इंजिनात हा प्रकार धोक्याचा असल्याची सूचना आपल्याच पुस्तिकेत छापलेली आहे, ती मी त्यास दाखवली. त्यावर त्याने चेंबरखाली, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याखाली, शेगडी पेटवून ठेवण्याचा सल्ला दिला. दौलतगंजातील आमची गल्ली जुन्या, लाकडी सज्जांच्या वाड्यांची आहे. डिझेलच्या टाकीशेजारी निखारे ठेवून मी गाडी तापवावी, असे एका वाहन कंपनीचा माणूस सुचवतो, तेव्हा राग येण्याआधी भीती वाटते.

अखेर २० जानेवारीला मी ट्रान्सपोर्ट नगरमधील एका जुन्या मिस्त्रींना बोलावले. त्यांनी एकही भाग उघडला नाही. केवळ प्लगवरची तार सोडवून मीटर लावला. चारपैकी तीन प्लग पूर्ण बंद निघाले. चांगल्या प्लगचा रोध एका ओहमच्या आसपास येतो. या तिघांत प्रवाहच जात नव्हता. दिव्याचे लागणे-विझणे हे फक्त ठरावीक वेळेचे असते, प्लग खरोखर तापले की नाही हे त्यावरून समजत नाही, हे त्यांनी मला पाच मिनिटांत समजावले. त्यांनी माझ्याकडून फक्त चहा घेतला. तपासणीचा व्हिडिओ मी २१ जानेवारीच्या तक्रारीसोबत पाठवला होता. आपल्या उत्तरात त्याचा उल्लेखही नाही.

त्याच मिस्त्रींनी आणखी एक गोष्ट दाखवली. आपल्या पुस्तिकेत या इंजिनासाठी १५डब्ल्यू-४० प्रतीचे ऑइल सांगितले आहे, आणि नोव्हेंबरच्या सर्व्हिसिंगच्या बिलावर २०डब्ल्यू-४० लिहिले आहे. यातील डब्ल्यू हे अक्षर हिवाळ्याचे असून त्याआधीचा आकडा जितका लहान, तितके ऑइल थंडीत पातळ राहते. हिवाळ्याच्या तोंडावर जाड ऑइल भरले गेल्याने सेल्फला इंजिन फिरवणे जड जाते, ते हळू फिरते, आणि हळू फिरल्याने दाबातून निर्माण होणारी उष्णताही कमी पडते. तीन बंद प्लगांच्या जोडीला हे आले, की गाडी सुरू न होण्याचे पुरेसे कारण मिळते.

मला आपल्याकडून पुढील गोष्टींची अपेक्षा आहे. चारही हीटर प्लग आणि त्यांना वीज जोडणारा रिले वॉरंटीमध्ये बदलून मिळावा. प्लग ‘झिजणारा भाग’ असल्याचे कारण केंद्राने तोंडी दिले आहे, परंतु वॉरंटीच्या पुस्तिकेतील वगळलेल्या भागांच्या यादीत त्यांचे नाव मला सापडले नाही. ऑइल पुस्तिकेप्रमाणे विनामूल्य बदलावे. बॅटरीचे ६,८०० रुपये आणि आठ दिवसांचे भाडे, ज्याच्या पावत्या सोबत आहेत, परत मिळावे. आणि सर्वांत महत्त्वाचे, दुरुस्तीनंतर गाडी रात्रभर उघड्यावर ठेवून पहाटे माझ्यासमोर सुरू करून दाखवावी व तसे जॉब कार्डावर लिहून द्यावे.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये मी ग्वाल्हेरच्या जिल्हा आयोगाकडे जाईन; तक्रारदार राहतो तेथे दाद मागण्याची मुभा हा कायदा देतो. गाडी धंद्यासाठी घेतली म्हणून मी ‘ग्राहक’च नाही, या मुद्द्यावर आपला वकील बोट ठेवील, याची मला कल्पना आहे. या एका गाडीवर माझे घर चालते, एवढेच मी तेथे सांगेन.

पंधरा दिवसांची मुदत मी घाईपोटी घातलेली नाही. फेब्रुवारी सरला, की पहाटेचा गारठा जातो, आणि ही गाडी कोणी हात न लावता सुरू होऊ लागेल. मग ‘दोष आढळला नाही’ असे लिहायला आपले केंद्र मोकळे होईल आणि पुढच्या पौषात वॉरंटीची मुदत आणखी एका वर्षाने कमी झालेली असेल. तोपर्यंत गाडी रोज रात्री आमच्या दारासमोर उघड्यावर उभी असते. आपल्या अभियंत्याने कोणत्याही दिवशी पहाटे साडेचारच्या आत यावे. आदल्या संध्याकाळी फोन केल्यास मी किल्ली घेऊन खाली उभा असेन.

आपला,
(सही)
पिकअप मालक, दौलतगंज, ग्वाल्हेर

सोबत : खरेदीचे बिल, तिन्ही जॉब कार्डे, नोव्हेंबरच्या सर्व्हिसिंगचे बिल, बॅटरीचे बिल, भाड्याच्या पावत्या आणि नोंदवहीची पाने यांच्या प्रती.