आगोटीच्या सामानात पेट्रोलचा कॅन नको

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात आमच्याकडे कोकणात आगोटीची लगबग सुरू होते. तांदूळ, कडधान्ये, सुकी मासळी, कांदे, मीठ, सरपण हे सारे पाऊस लागायच्या आत घरात यावे लागते. या जुन्या यादीत गेल्या काही वर्षांत पेट्रोलने भरलेल्या प्लास्टिकच्या कॅनची भर पडली आहे. मी दापोली तालुक्यातला आंबा-काजूचा बागायतदार आहे आणि हा कॅन मीही लागोपाठ दोन वर्षे भरून ठेवला होता. त्यातून जे कळले ते आपल्या वाचकांपर्यंत, विशेषतः शेतकरी वाचकांपर्यंत, पावसाआधी पोहोचावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

लोक साठा का करतात हे मी जाणतो आणि त्याबद्दल कोणाला दोष देण्याचा माझा हेतू नाही. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा आमच्या दापोली-मंडणगड भागातही विजेचे खांब आडवे झाले, रस्त्यांवर झाडे पडली आणि कित्येक गावे अनेक दिवस अंधारात राहिली. पुढच्याच वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ आले. जानेवारी २०२४च्या पहिल्या दोन दिवसांत ट्रकचालकांच्या आंदोलनामुळे पंपांवर रांगा लागल्या आणि आंदोलन मागे घेतले गेले तरी ‘चार लिटर घरात असलेले बरे’ ही भावना मागे राहिली. त्यातच आता जनरेटर, ग्रासकटर, फवारणीचा पंप आणि झाडे कापायची यांत्रिक करवत ही यंत्रे घरोघरी आली आहेत, आणि ती पंपापर्यंत चालत जात नाहीत. त्यामुळे शेतकऱ्याच्या घरी थोडेफार पेट्रोल असणारच. माझे म्हणणे एवढेच आहे की पेट्रोल ही तांदळासारखी चार-सहा महिने ठेवण्याची वस्तू नाही. ते दुधाच्या जातीचे आहे, म्हणजे आणावे आणि संपवावे.

पेट्रोल हा एकच एक पदार्थ नसून अनेक हलक्या-जड द्रवांचे मिश्रण आहे. त्यातले सर्वांत हलके घटक थंड इंजिन पहिल्या झटक्यात सुरू करण्यासाठी लागतात आणि नेमके तेच आधी उडून जातात. झाकण सैल असेल किंवा कॅन अर्धा रिकामा असेल, तर हे अधिक वेगाने घडते. मागे उरलेल्या भागातील काही घटक हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून राळेसारखा चिकट पदार्थ तयार करतात. उष्णतेने ही क्रिया वाढते आणि मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली ठेवलेल्या कॅनला उष्णतेची काही कमतरता नसते.

पेट्रोल बिघडण्याचे तिसरे कारण अलीकडचे आहे. आज आपल्याला मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉलचे धोरण चांगले की वाईट हा या पत्राचा विषय नाही. आपल्याच राज्यातल्या ऊस उत्पादकांचे हित त्यात गुंतलेले आहे हेही मला मान्य आहे. परंतु इथेनॉल पाणी ओढून घेते, ही गोष्ट साठा करणाऱ्याने विसरता कामा नये. नुसत्या दमट हवेने पेट्रोल बिघडायला वेळ लागतो. पण झाकणापाशी पागोळीचे पाणी झिरपले आणि ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त पाणी आत गेले, की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाशी वेगळा थर बसतो. यंत्राच्या टाकीतून इंजिनाकडे जाणारी नळी बहुधा तळाजवळूनच निघते. म्हणजे इंजिनाला आधी मिळतो तो हा पाणीदार थर, आणि वर उरलेल्या पेट्रोलमधून इथेनॉल निघून गेल्यामुळे त्याचाही दर्जा घसरलेला असतो.

मग पेट्रोल टिकते तरी किती? घट्ट बंद धातूच्या डब्यात, सावलीत, न उघडता ठेवलेले पेट्रोल सहा महिने ते वर्षभर वापरण्याजोगे राहू शकते, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. परंतु हे अनुमान थंड आणि कोरड्या हवेला अधिक लागू पडते. एकदा उघडलेल्या डब्यातले पेट्रोल ३० अंशांच्या आसपासच्या तापमानात तीन महिन्यांच्या आत वापरून टाकावे आणि यंत्राच्या टाकीत तर ते महिन्याहून अधिक राहू देऊ नये. टू-स्ट्रोक ग्रासकटरसाठी ऑइल मिसळून ठेवलेल्या पेट्रोललाही महिन्याभराचीच मुदत समजावी. मी मेअखेर भरलेला कॅन ऑक्टोबरमध्ये गवत कापायला घेतला, म्हणजे मध्ये चार महिन्यांहून अधिक काळ आणि संपूर्ण पावसाळा गेला होता.

त्या ऑक्टोबरमध्ये दोरी ओढून ओढून माझ्या गड्याचा खांदा भरून आला, पण ग्रासकटर सुरू झाला नाही. कारागिराने कार्ब्युरेटर उघडून दाखवला तेव्हा आतल्या बारीक छिद्रांवर पिवळसर-तपकिरी चिकट थर साचला होता, जणू कोणी वॉर्निशचा हात फिरवला असावा. त्याने कॅनमधले पेट्रोल काचेच्या बरणीत ओतले, तर रंग गडद झालेला, वास आंबूस आणि तळाशी वेगळी दिसणारी बोटभर पट्टी. यंत्र दुरुस्त झाले. पण गवत वाळायच्या आत बागेभोवतीची जाळरेषा, म्हणजे वणवा अडवणारा मोकळा पट्टा, साफ करायचे माझे आठ दिवस वाया गेले. वणव्याच्या दिवसांत आठ दिवसांची किंमत काय असते, हे काजूची बाग असणाऱ्याला सांगावे लागणार नाही.

यंत्र बिघडले तर दुरुस्त करता येते. घराला आणि माणसांना असलेला धोका मात्र याहून कितीतरी मोठा आहे, आणि तो आपल्या लक्षात येत नाही याचे कारण माझ्या मते रॉकेल आहे. आमच्या दोन-तीन पिढ्या रेशनच्या रॉकेलवर वाढल्या. रॉकेलचा डबा चुलीपासून चार हातांवर असायचा, स्टोव्हमध्ये रॉकेल ओतताना शेजारी कंदील जळत असायचा, आणि बहुतेक वेळा काही होत नसे. याचे कारण असे की रॉकेलची वाफ ठिणगीने पेटण्याइतकी तयार व्हायला ते सुमारे ३५ अंशांहून अधिक तापावे लागते. पेट्रोलच्या बाबतीत हेच तापमान उणे ४० अंशांच्या आसपास आहे. म्हणजे आपल्याकडच्या कोणत्याही ऋतूत, दिवसा किंवा रात्री, उघड्या पेट्रोलवर पेट घेऊ शकणारी वाफ असतेच. रॉकेलचा रिकामा झालेला तोच कॅन आपण पेट्रोलसाठी वापरू लागलो आणि रॉकेल हाताळण्याची सवयही त्याच्यासोबत तशीच चालू ठेवली.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती वर जाऊन विरत नाही, तर जमिनीलगत पसरत जाते आणि सखल जागी साचते. कोकणातल्या घराची रचना डोळ्यांसमोर आणावी: मागच्या पडवीत कोपऱ्यात कॅन, त्याच पडवीत अंघोळीच्या पाण्याचा बंब, पलीकडे स्वयंपाकघरात गॅसची शेगडी, तिच्यालगत फ्रिज आणि देव्हाऱ्यात निरांजन. कॅन उलटण्याची गरज नाही. सैल झाकणातून निघालेली वाफ पहाटे बंब पेटवेपर्यंत तिथवर पोहोचू शकते, आणि मग ज्वाळा त्याच वाटेने कॅनकडे परत येते. माझा कॅन दोन्ही वर्षे बंबापासून सात-आठ फुटांवर होता. हे आज आठवले तरी मला अस्वस्थ वाटते. वीज गेल्यावर मेणबत्तीच्या उजेडात गरम जनरेटरमध्ये पेट्रोल ओतणारी माणसेही मी पाहिली आहेत. जनरेटर बंद करून थंड होऊ द्यावा आणि बॅटरीच्या उजेडातच ते ओतावे, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

पाण्याच्या बाटलीत पेट्रोल भरणे तर सर्वांत वाईट. माझ्याच बागेत उन्हातून आलेल्या एका मजुराने पडवीतली अशी बाटली पाणी समजून तोंडाला लावली. वासामुळे त्याने ती लगेच बाजूला केली म्हणून निभावले. लहान मूल असते तर काय झाले असते? पेट्रोल पोटात गेल्यास उलटी करवू नये, कारण उलटीबरोबर ते फुप्फुसात उतरण्याचा धोका असतो. अशा वेळी विलंब न करता रुग्णालय गाठावे. ही माहिती प्रत्येक घरात असायला हवी.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. १९३४च्या पेट्रोलियम कायद्याच्या कलम ८नुसार विक्रीसाठी नसलेले पेट्रोल एकूण ३० लिटरपर्यंत परवान्याशिवाय बाळगता येते, परंतु ते घट्ट बुचाच्या काचेच्या, चिनी मातीच्या किंवा धातूच्या पात्रातच. काच किंवा चिनी मातीचे पात्र एक लिटरहून मोठे नसावे आणि धातूचे २५ लिटरहून मोठे नसावे. प्लास्टिकच्या बाटलीचा किंवा रॉकेलच्या कॅनचा त्यात उल्लेखही नाही. या विषयाची देखरेख करणाऱ्या केंद्रीय पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. या तरतुदी तिने सोप्या मराठीत, एका पानावर छापून ग्रामपंचायतींकडे पाठवल्या तर फार मोठे काम होईल.

मी आता काय करतो ते थोडक्यात सांगतो. पाच लिटरचा एकच धातूचा डबा घेतला आहे. पंपावर तो गाडीतून खाली उतरवून जमिनीवर ठेवूनच भरतो, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी पडण्याचा धोका कमी होतो, आणि काठोकाठ भरत नाही. २० लिटर पेट्रोल २० अंशांनी तापले तर जवळजवळ ४०० मिलिलिटरने फुगते, त्याला जागा लागतेच. डब्याला भरल्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी बांधतो. डबा घरापासून दूर, सावलीतल्या, हवा खेळत्या शेडमध्ये असतो. पेंढा भरलेल्या मांगरात नव्हे. पंधरा दिवसांच्या कामापुरतेच पेट्रोल आणतो आणि ऑइल न मिसळलेले उरले, तर ते ताजे असतानाच स्कूटरच्या टाकीत जाते. हंगाम संपला की ग्रासकटरची टाकी रिकामी करून, यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत चालवून मगच ठेवतो. बिघडलेले पेट्रोल मात्र कोणी विहिरीजवळ, गटारात किंवा पालापाचोळा पेटवायला ओतू नये. जमिनीत मुरलेले पेट्रोल विहिरीच्या पाण्यात उतरते आणि पाचोळ्यावर ओतलेले एकदम भडकून ओतणाऱ्याच्या अंगावर येते.

वादळासाठी साठा नको तर मग काय, हा प्रश्न योग्य आहे. हवामान खात्याचा चक्रीवादळाचा इशारा आता काही दिवस आधी मिळतो. त्या वेळी गाडीची टाकी आणि एखादा डबा भरून घेता येतो, आणि ते पेट्रोल ताजे असते. परंतु वीज गेली की पंपावरचे पेट्रोल देणारे यंत्रही बंद पडते, म्हणून किनाऱ्यावरच्या तालुक्यांतील प्रत्येक पंपावर चालू स्थितीतला जनरेटर आहे की नाही याची तपासणी जिल्हा प्रशासनाने दर वर्षी मे महिन्यातच करावी. पंप चालू राहतील असा भरवसा असेल, तर घरोघरचे कॅन आपोआप कमी होतील. पंपचालकांनी ‘बाटलीत पेट्रोल मिळणार नाही’ असा फलक लावून थांबू नये, तर धातूचा डबा घेऊन आलेल्या शेतकऱ्याला अडवूही नये. आणि कृषी विभागाने यांत्रिकीकरण योजनेतून ग्रासकटर किंवा फवारणी पंपासाठी अनुदान देताना यंत्रासोबत पाच लिटरचा धातूचा डबाही त्याच अनुदानात बसवावा, ही माझी त्यांना आग्रहाची विनंती आहे. यंत्राच्या किमतीपुढे त्याचा खर्च अगदीच किरकोळ आहे आणि या वर्षीच्या अर्जांपासून तो देता येण्याजोगा आहे.

आपला,
एक बागायतदार
दापोली तालुका, जि. रत्नागिरी