आधी अंक, मग व्याकरण

महोदय,

चाकण-हिंजवडीत वर्षानुवर्षे राहणाऱ्या परदेशी मंडळींनी मराठी शिकावे का? शिकावे. जर्मन नागरिकत्वासाठी आपल्या मुलांना बी-१ म्हणजे मध्यम पातळीची जर्मन यावी लागतेच. इथे सक्ती नको, पण सुरुवात तरी नीट व्हावी.

बहुतेक वर्ग ‘मी जातो, ती जाते’ने सुरू होतात आणि माणूस मंडईत अडतो, कारण तिथे लागतात सव्वा, पावणेदोन, अडीच. ‘साडेदोन’ म्हणणारा बिचारा नियमच पाळत असतो. दीड आणि अडीच नियमाबाहेर आहेत, हे त्याला कुणी सांगितलेले नसते. ‘एकोण’चा नियमही 89 पर्यंत चालतो, 99 ला मोडतो. म्हणून पहिले दोन आठवडे फक्त आकडे आणि सुटे पैसे.

पुढची अडचण ‘आम्ही’ आणि ‘आपण’ची. ‘आम्ही जेवायला जातोय’ म्हटले की समोरचा आपोआप वगळला जातो. निरोप घेताना ‘जातो’ नव्हे, ‘येतो’. चहातला ‘च’ आणि चमच्यातला ‘च’ लिहिताना सारखाच, तो कानानेच शिकावा लागतो.

आणि पुणेकरांनो, तोडके मराठी ऐकताच हिंदी-इंग्रजीवर उडी मारू नका. शिकणाऱ्याचा सराव तिथेच बंद पडतो.

– मराठीची एक शिक्षिका, कोथरूड, पुणे