पंचायतीच्या कपाटात अडकलेलं इंटरनेट : केंद्रीय दळणवळण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय दळणवळण मंत्री,
संचार भवन, नवी दिल्ली

प्रत : मा. केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्री

महोदय,
स. न. वि. वि.

मी कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान चालवते. शेताचा उतारा, पीएम किसानची केवायसी, कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे पैसे का आले नाहीत याची चौकशी, मुलांची शिष्यवृत्ती, जातीचा दाखला, असली सगळी कामं माझ्याकडे येतात आणि सगळी नेटवर चालतात. त्यामुळे दिल्लीत ठरलेल्या धोरणाचं आमच्याकडे काय होतं, ते मला रोज काउंटरवर दिसतं. टीव्ही आणि इंटरनेट ही दोन वेगळी खाती आहेत, हे मला ठाऊक आहे. घरात मात्र दोन्हीचा खर्च एकाच खिशातून जातो, म्हणून दोन्हींबद्दल एकाच पत्रात लिहिते आहे.

आधी टीव्हीचं. निपाणी, चिकोडी भागात अँटेना कोल्हापूरच्या दिशेने फिरवला की संध्याकाळी सातच्या मराठी बातम्या लागायच्या. पडद्यावर मुंग्या यायच्या, वारा सुटला की कुणीतरी कौलांवर चढायचं, पण महिन्याचा एक पैसाही लागत नव्हता. सांगली आकाशवाणी तर आमच्याकडे घरोघरी चालायची. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्याची हद्द आखली गेली, तिच्यावरचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्या वादावर मला या पत्रात काही म्हणायचं नाही. एवढंच सांगते की हवेतून येणारा कार्यक्रम त्या हद्दीवर अडत नव्हता.

मग डिजिटल आलं. केबल कायद्यात २०११ मध्ये दुरुस्ती झाली, ३१ ऑक्टोबर २०१२ ला मुंबई-दिल्लीत सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला, आणि आमच्या खेड्यांचा नंबर चौथ्या टप्प्यात लागला. शेवटची मुदत ३१ मार्च २०१७. मुदती पुढे गेल्या, पण दर वेळी नवी तारीख जाहीर झाली आणि अखेर ॲनालॉग बंद झालंच. त्यानंतर प्रसार भारतीने दूरदर्शनचे जमिनीवरचे ॲनालॉग प्रक्षेपकही मार्च २०२२ पर्यंत बंद करायचं ठरवलं. मोक्याच्या जागचे पन्नासेक तेवढे वगळले. अँटेनावर चालणारं डिजिटल प्रक्षेपण मोजक्या मोठ्या शहरांतच आहे. म्हणजे ज्याला केबल परवडत नाही, त्याच्यासाठी डीडी फ्री डिश, म्हणजे दूरदर्शनची महिन्याचे पैसे न लागणारी डिश, हाच एक मार्ग उरला.

ॲनालॉग बंद केलं, यावर माझी तक्रार नाही. चित्र स्वच्छ झालं, वाहिन्या वाढल्या. माझी तक्रार वेगळी आहे. जुनं काढून घ्यायची तारीख सरकार पाळतं, नवं पोचवायची तारीख पाळत नाही. आणि सीमेवरच्या माणसाला या दोन्हींमध्ये दुप्पट भोगावं लागतं.

कसं ते सांगते. उपग्रहाचा सिग्नल अख्ख्या देशावर एकसारखा पडतो. खानापूरच्या छपरावरची डिश आणि शेजारच्या, पण महाराष्ट्रातल्या चंदगडच्या छपरावरची डिश यांना आकाशातून मिळतं ते अगदी तेच. तरीही बॉक्स सुरू करताना पत्त्याचा पिनकोड कर्नाटकाचा दिसला की समोर कर्नाटकाचा पॅक ठेवला जातो. मराठी वाहिन्या हव्यात तर त्या वेगळ्या जोडा, त्यांचे पैसे वेगळे. महाराष्ट्राचा पॅक मागितला तर पुढे कन्नड बातम्या सुटतात, आणि त्या आम्हाला हव्याच असतात, कारण आमचं राज्य सरकार, आमचा तहसीलदार, आमच्या शाळांचे निर्णय सगळे तिकडून कळतात. आमच्या कित्येक घरांत सासू मराठी मालिका बघते आणि सून कन्नड बातम्या. भाषांचं वैर नाही इथे, दोन्ही लागतात. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण, त्याच्या नियमांनी ग्राहकाला एकेक वाहिनी निवडायचा हक्क दिला, फेब्रुवारी २०१९ पासून तो लागूही झाला. पण तेव्हा नुसत्या जोडणीचेच १३० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे होत होते, वाहिन्यांचे वेगळे. जुलै २०२४ मध्ये त्या जोडणी शुल्काची कमाल मर्यादाही ट्रायने काढली. हक्क कागदावर आहे, पण साठीच्या बाईला तो ॲप उघडून, इंग्रजी किंवा कन्नड यादीतून वापरायचा आहे. माझ्या दुकानात हे कामही येतं.

माहिती व प्रसारण मंत्र्यांना यात एवढीच विनंती की, सीमाभागातल्या पिनकोडना दोन्ही भाषांचा एकत्र पॅक ठळकपणे दाखवणं बंधनकारक करावं. फ्री डिशवरच्या खासगी वाहिन्यांच्या जागा लिलावाने जातात, त्यामुळे आज दिसणारी मराठी वाहिनी पुढच्या वर्षी असेलच असं नाही. सह्याद्री आहे, तिचा आधार आहे. आणि पीएम ई-विद्या, म्हणजे शाळेचे पाठ टीव्हीवर दाखवणारी केंद्राची योजना, तिच्या वाहिन्या १२ वरून २०० करायची घोषणा २०२२ च्या अर्थसंकल्पात झाली, त्यात कर्नाटकाच्या अभ्यासक्रमाचे मराठी माध्यमाचे पाठ हवेत. आमच्या मराठी शाळेतली मुलं पुस्तक कर्नाटकाचं शिकतात आणि भाषा मराठी. महाराष्ट्राचे पाठ त्यांना जुळत नाहीत, कन्नड पाठ कळत नाहीत. करोनाच्या दोन वर्षांत ही मुलं मधल्यामध्ये राहिली.

आता आपल्या खात्याकडे येते, कारण खरं दुखणं तिथे आहे.

ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायची योजना २५ ऑक्टोबर २०११ ला मंजूर झाली. केबल कायद्याच्या दुरुस्तीचंही तेच वर्ष. पुढे तिचं नाव भारतनेट झालं. पहिली मुदत २०१३ अखेरची होती. १५ ऑगस्ट २०२० ला लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी हजार दिवसांत सगळ्या गावांत ऑप्टिकल फायबर पोचेल असं सांगितलं. ते हजार दिवस मे २०२३ मध्ये संपले. ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित भारतनेटला १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर झाले. पैसा नाही, असं कुणी म्हणू शकणार नाही.

मध्यंतरी एका ग्रामपंचायतीत कामाला गेले होते. कोपऱ्यात भारतनेटचं लोखंडी कपाट होतं, वर जुन्या मतदार याद्यांचा गठ्ठा. आत दोन बॅटऱ्या, त्यातली एक फुगलेली. छोट्या पांढऱ्या डब्यावर 'एलओएस' लिहिलंय तिथे लाल दिवा. तो लागला की समजायचं, फायबरमधून प्रकाश येतच नाही, तार कुठेतरी तुटली आहे. ती कधी तुटली हे तिथे कुणाला आठवत नव्हतं. ऑपरेटर स्वतःच्या मोबाइलचा हॉटस्पॉट लावून सरकारी कामं करत होता, रिचार्ज स्वतःच्या खिशातून. सरकारी नोंदीत मात्र ही पंचायत 'जोडलेली' आहे.

तार तुटण्याचं कारणही समजण्यासारखं आहे. पहिल्या टप्प्यातली जोडणी सरळ रेषेत केली गेली. माळेतल्या दिव्यांसारखं, एका ठिकाणी तुटलं की पुढचं सगळं अंधारात. बेळगाव-गोवा महामार्गाचं काम, गटारांची कामं, पाण्याच्या योजनेची खुदाई, कुठेही जेसीबी लागला की फायबर जातं. आता नव्या योजनेत रिंग करणार, म्हणजे एकीकडून तुटलं तर दुसरीकडून चालेल. हा निर्णय अगदी बरोबर आहे आणि त्याचं मनापासून स्वागत करते. पण आमच्या तालुक्यात जांबोटी, कणकुंबीकडे पावसाळ्यात झाडं पडून वीज गेली की दिवसदिवस येत नाही. रिंग झाली तरी बॅटरी मेलेली असेल तर काय उपयोग? टॉवरचंही तसंच. लाइट गेली की थोड्या वेळाने रेंज जाते. बॅटरी वेळेवर बदलायची जबाबदारी कुणाची आणि किती तासांत, हे कंत्राटात स्पष्ट हवं.

दुसरं, पंचायत जोडली म्हणजे गाव जोडलं असं आमच्याकडे होत नाही. जंगलपट्ट्यात एका पंचायतीखाली लांब लांब विखुरलेली गावं आणि वाड्या येतात. भीमगड अभयारण्यातली गवाळी, कोंगळा, पास्टोली, आमगाव ही गावं घ्या. पावसाळ्यात आजारी माणसाला डोलीतून रस्त्यापर्यंत आणावं लागतं, आणि १०८ ला फोन लावायला आधी रेंज मिळेल अशा चढावर जावं लागतं. अभयारण्य आहे, पुनर्वसनाची बोलणी चालू आहेत, म्हणून तोवर काहीच नको, हे म्हणणं मला पटत नाही. लोक आज तिथे राहतात, आजच आजारी पडतात. जुलै २०२२ मध्ये २४,६८० गावांना फोर-जी देण्यासाठी २६,३१६ कोटी मंजूर झाले. त्या यादीत आमच्या तालुक्यातली कोणती गावं आहेत आणि टॉवर कुठवर आला, हे पंचायतीच्या फलकावर लावावं.

मोबाइलवर आणखी एक अडचण आहे, जी सीमेवर राहणाऱ्यालाच कळेल. टेलिकॉमच्या नकाशात गोवा आणि महाराष्ट्र एका सर्कलमध्ये, म्हणजे सेवेच्या एका विभागात, आम्ही कर्नाटकाच्या. निपाणीकडे महाराष्ट्रातल्या कागलचा टॉवर पकडला किंवा चोर्ल्याकडे गोव्याचा, की फोन रोमिंगमध्ये जातो. आता त्याचे जादा पैसे लागत नाहीत, पण म्हाताऱ्या माणसांच्या फोनमध्ये डेटा रोमिंग बंद असतं, त्यामुळे कांड्या भरपूर आणि नेट शून्य. ओटीपीसाठी थांबलेला माणूस मग फोन बिघडला म्हणून माझ्याकडे येतो. सीमेवरच्या टॉवरवर हे आपोआप सुटेल अशी सोय कंपन्यांकडून करून घेणं आपल्या खात्याला अवघड नाही.

घरापर्यंत तार न्यायला नवी माणसं शोधायची गरज नाही. केबलवाला आहे. त्याची तार हेस्कॉम या आमच्या वीज कंपनीच्या खांबांवरून शेवटच्या वाडीपर्यंत आधीच गेली आहे, कुणाच्या घरी कोण राहतं हे त्याला पाठ आहे, बिघाड झाला तर तो रात्री शिडी घेऊन येतो. टीव्ही मोबाइलवर गेल्यापासून त्याचा धंदा बसत चालला आहे. सुधारित भारतनेटमध्ये गावातल्या उद्योजकाकडून दीड कोटी घरांना जोडण्या द्यायच्या आहेत. त्यात आमच्या केबलवाल्यांना पहिला हक्क द्या, अनामत कमी ठेवा, आणि खांबाच्या भाड्याचा प्रश्न राज्य सरकारशी बोलून एकदाच मिटवा. जिथे घरोघरी तार जाणं अवघड, तिथे पीएम-वाणी आहे. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली ही योजना किराणा दुकानदारालाही परवान्याशिवाय वायफाय द्यायची मुभा देते. आमच्या भागात तिचं नाव मी सरकारी माणसाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

आणि हे सगळं कळवायचं कोणत्या भाषेत? ज्या जिल्ह्यात किंवा तालुक्यात १५ टक्क्यांहून जास्त लोक एखादी भाषा बोलतात, तिथे महत्त्वाच्या सूचना त्या भाषेतही द्याव्यात, हे भाषिक अल्पसंख्याकांसाठी १९६१ पासून ठरलेलं आहे. मराठीच्या बाबतीत बेळगाव जिल्हा ती अट पूर्ण करतो, खानापूर तालुका तर कितीतरी पटीने. तेव्हा जोडणीचा अर्ज, तक्रारीचा नंबर, दरपत्रक आणि बंद पडल्याचा एसएमएस कन्नडबरोबर मराठीतही हवा. कन्नड काढून मराठी नको, दोन्ही हवं.

खानापूर तालुक्यातल्या प्रत्येक पंचायतीची खरी स्थिती, म्हणजे तार चालू की बंद, किती घरांना जोडणी आणि पुढची जोडणी कोणत्या तारखेपर्यंत, ही दर महिन्याला जाहीर व्हावी अशी माझी मागणी आहे. ती तपासायला खात्याचे अधिकारी आले तर मी सोबत फिरायला तयार आहे. फक्त त्यांनी जुलै-ऑगस्टमध्ये यावं, आणि बेळगावच्या विश्रामगृहाऐवजी कणकुंबीला मुक्काम करावा.

कळावे.

आपली नम्र,
खानापूर तालुक्यातील एक नागरिक