प्राणीगृहाचे तापमान मे महिन्यात मोजा : केंद्रीय पशुसंवर्धन मंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय मत्स्यव्यवसाय, पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय मंत्री यांस,
स. न. वि. वि.

प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख ठेवणारी सीसीएसईए ही समिती १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याच्या कलम १५ खाली काम करते आणि ती आपल्या खात्याकडे आहे, म्हणून हे पत्र आपल्याला. प्रयोग व्हावेत की होऊ नयेत हा वाद इथे उकरायचा नाही. ते होत आहेत तोवर कोणत्या खोलीत, म्हणजे कशा प्राणीगृहात होतात, एवढेच बोलायचे आहे.

समितीची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात : खोलीचे तापमान १८ ते २९ अंश, आर्द्रता ३० ते ७० टक्के, तासाला १२ ते १५ वेळा हवा बदलायची. भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात ४५ च्या घरात असतो आणि दुपारची हवा पापड वाळवायच्या कामाची. यावर लहान फार्मसी महाविद्यालयांकडे दोनच उपाय असतात, कूलर नाहीतर स्प्लिट एसी. कूलरने तापमान थोडेफार उतरते, पण खोली बंद असेल तर आर्द्रता चढते, पिंजऱ्यातला भुसा ओला राहतो आणि मुतातून अमोनिया सुटतो. आपल्या डोळ्यांना तो झोंबायला लागतो त्याच्या आधीपासून उंदराला त्रास सुरू झालेला असतो; त्याचे नाक भुशापासून दोन बोटांवर. जूनमध्ये ढग आले की कूलर नुसता पंखा उरतो. एसीची तऱ्हा उलटी. तो आतलीच हवा फिरवतो, बाहेरची आणत नाही, शिवाय ती आणखी कोरडी करतो. आर्द्रता फार उतरली की आईजवळच्या पिल्लांच्या शेपटीवर आवळल्यासारख्या कड्या पडतात, पुढचा भाग सुजतो आणि कधीकधी गळून पडतो.

आणि मग लाइट जाते. इन्व्हर्टरवर दिवे चालतात, एसी नाही. उंदराला घाम येत नाही. तो शेपटीतून उष्णता बाहेर टाकतो, तेवढ्याने भागले नाही तर लाळेने अंग ओले करतो. हवाच अंगाइतकी तापली की शेपटीचा उपयोग संपतो. हनुवटी-छाती ओली, पोट जमिनीला टेकवून, एकमेकांपासून लांब पसरलेले उंदीर दिसले की खोली हाताबाहेर गेली असे समजावे. भूल द्यायला अजून कुठे ईथर ठेवत असतील तर तेही आताच काढावे : ते ३५ अंशांखालीच उकळते आणि ठिणगीने पेटते.

यात प्राण्याचे हाल आहेतच, शिवाय प्रयोगही वाया जातो. बी.फार्म.ची प्रात्यक्षिके आता सॉफ्टवेअरवर होतात. जिवंत प्राणी लागतात ते मुख्यतः पदव्युत्तर प्रबंधांना, आणि त्यांत सातपुड्यातल्या वनस्पतींची मधुमेहावरची चाचणी हा नेहमीचा विषय. स्ट्रेप्टोझोटोसिन टोचून उंदराला मधुमेह करायचा, मग अर्क पाजून साखर मोजायची. पण उष्णतेच्या ताणानेही रक्तातली साखर वाढते. मग अर्काचा गुण कोणता आणि एसी सुरू झाल्याचा कोणता, हे सांगणार कसे? त्यात मधुमेही उंदीर एरवीच्या कितीतरी पट, दिवसाला १०० मिलीच्या वरही पाणी पितो. २५० मिलीच्या एका बाटलीवर तिघे ठेवले आणि शनिवारी दुपारी कुलूप लावले, तर रविवारी ती कोरडी असते. भुसाही अशा पिंजऱ्यात रोज बदलावा लागतो.

प्राण्यांची संख्याही तपासावी. प्रयोगाच्या प्रत्येक गटात सहा प्राणी ही बहुतेक ठिकाणी नुसती वहिवाट आहे. एकूण प्राण्यांतून गटांची संख्या वजा केली की उत्तर १० ते २० मध्ये यावे, असा एक साधा हिशेब आहे. पाच गटांत सहा-सहा घेतले तर २५ येते, पाच-पाच घेतले तर बरोबर २०. म्हणजे एका प्रबंधामागे पाच उंदीर उगाच. हा हिशेब ढोबळ आहे हे मान्य. पण नीतिमत्ता समितीपुढे जाणाऱ्या 'फॉर्म बी' या अर्जात निदान तो मांडून दाखवायला सांगावे.

आमच्या मागण्या अशा. प्राणीगृहाच्या नोंदणीच्या नूतनीकरणाला एप्रिल ते जूनची तापमान-आर्द्रतेची अखंड नोंद सक्तीची करा, दर १५ मिनिटांनी आपोआप होणारी. परिचराने रोज सकाळी दहाला वहीत लिहिलेले '२६ अंश' त्यासाठी धरू नका. एसी आणि एक्झॉस्ट दोन्ही पेलणारा जनरेटर नसेल, तर मार्चच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत नवा प्रयोग सुरू करू देऊ नका. प्रबंधाच्या तारखा त्याप्रमाणे हलवायला फार्मसी कौन्सिलशी बोला. उंदीर पुण्या-मुंबईहून येतात, त्यांची ने-आण या काळात रात्रीच व्हावी. मंजूर प्रस्ताव आणि त्यांचे निकाल, फसलेले धरून, सर्वांना पाहता येतील असे ठेवा. तीच वनस्पती शेजारच्या तालुक्यात पुन्हा तपासली जाणार नाही. आणि खरे तर प्रत्येक महाविद्यालयाला स्वतःचे प्राणीगृह हवेच कशाला? तीन जिल्ह्यांत मिळून एक, पूर्णवेळ पशुवैद्यक असलेले, नीट बांधलेले प्राणीगृह पुरेल. त्याला निधी द्या.

नोंद करणारे यंत्र एसीच्या झोताखाली लावू देऊ नये. ते रॅकच्या सर्वांत वरच्या फळीवर, पिंजऱ्याच्या उंचीला बसवावे. खोलीतली सर्वांत गरम हवा तिथे असते.

आपले,
जळगाव, धुळे व नंदुरबार येथील प्राणीगृहांशी संबंधित काही पशुवैद्यक आणि औषधशास्त्राचे शिक्षक